गल्ल्यात कोंडलेला माइक

एकदा एक शिष्या गुरूंकडे निघाली असता जिन्यातच थबकली. खालच्या वळणावर शेजारच्या सुशीलाक्का कुणाला तरी सांगत होत्या, "वस्ताद ठार बहिरे झालेत, बघ. सहा वेळा बेल वाजवली. खिडकीतून दिसतायत, समोर खुर्चीत बसलेत, पण ढिम्म! आणि..."

तेवढ्यात वर चप्पल वाजली. अक्कांनी मान वर केली, वाक्य तिथंच गिळलं आणि हातातली मेथीची जुडी सावरत म्हणाल्या, "काय गं सुलक्षणा, आज ऑफिसला सुट्टी वाटतं?"

"हो अक्का."

"मग कुठं, बाजारात?"

"वस्तादांकडं."

यावर अक्का आणि त्यांच्याजवळची बाई एकमेकींकडं बघून अशा काही गप्प झाल्या, की बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मनुष्याचं एक आहे. पूर्ण ऐकलेली गोष्ट तो दुपारपर्यंत विसरतो, पण अर्धी ऐकलेली त्याला स्वस्थ बसू देत नाही. उरलेलं अर्धं तो स्वतःच्या पदरचं घालून पुरं करतो. सुलक्षणानंही शेवटची पायरी उतरेपर्यंत ते वाक्य मनातल्या मनात पुरं केलं होतं : ‘आणि ही खुळी त्यांच्याच भरवशावर मिक्सर घ्यायला निघालीय.’

हा मिक्सर चटणीचा नव्हे. दोन-तीन माइकांचे आवाज एकत्र करायचे, ज्याचा त्याचा हवा तेवढा चढवायचा-उतरवायचा आणि कॉम्प्युटरकडं धाडायचा, असं काम करणारं ते बटणांचं यंत्र. सुलक्षणाला ते पॉडकास्टसाठी हवं होतं. गाव यंत्रमागांचं. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत खडखडणारं. त्या खडखडाटात ज्यांची आयुष्यं गेली, त्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून ती बोलतं करायची, ते बोलणं ध्वनिमुद्रित करायची आणि लोकांना फोनवर ऐकता येईल असं इंटरनेटवर ठेवायची. दिवसा सुताच्या एका पेढीत नोकरी, उरलेल्या वेळात हे वेड. भिशीचे नऊ हजार हातात आले होते. त्यापलीकडं जाणं शक्य नव्हतं.

आणि वेळही नव्हता. हौसाबाई सोमवारी कायमच्या सोलापूरला लेकीकडं निघाल्या होत्या.

या हौसाबाईंनी चाळीस वर्षं मागाच्या कांड्या भरल्या, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळलं. मागाच्या गावात सगळेच मोठ्यानं बोलतात, घरात मीठ मागायचं तरी शेजारच्याला कळतं. हौसाबाई मात्र इतक्या हळू बोलत, की समोरच्याला पुढं वाकावं लागे. सुलक्षणानं महिन्यापूर्वी कुणाचा तरी जुना मिक्सर उसना आणून त्यांचं बोलणं घेतलं होतं. त्यांचा आवाज वर यावा म्हणून बटण चढवलं, तशी मागून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी एक ‘स्स्स’ चढली. नवऱ्याच्या अपघातापाशी बाई आल्या, आवाज आणखी खाली गेला आणि पार बुडाला. पुढं त्यांनी विषयही सोडून दिला. सुलक्षणानं हात जोडले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बरं, जायच्या आधी एकदा बसू. पण एकदाच हं. ते सारखं सारखं उगाळायला नको वाटतं."

रविवार दुपार ठरली होती. आज शुक्रवार.

वस्ताद त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. त्यांच्या दारावर बोराएवढं एक बटण होतं. ते दाबलं की आत चिमणी चिवचिवायची. सुलक्षणानं दाबलं. चिमणी चिवचिवली. कुणी उठलं नाही. पुन्हा दाबलं. खिडकीतून वस्तादांची पाठ दिसत होती, हातात वर्तमानपत्र, पानसुद्धा हललं नाही. एरवी ती दार ढकलून सरळ आत जायची. आजही शेवटी तेच केलं. तिची सावली कागदावर पडली, तसे वस्ताद वळले.

"आलीस? चल. माइक घेतलास ना?"

वस्ताद म्हणजे गावातला आवाजाचा अखेरचा शब्द. तरुणपणी बारा वर्षं माग चालवला, मग भोंग्याच्या धंद्यात पडले. चाळीस वर्षं लग्नं, सभा, कीर्तनं, जत्रा, सगळ्यांना आवाज त्यांनी पुरवला. दहा-बारा जणांना हाताखाली घेऊन धंद्याला लावलं. त्यांच्या कानावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. सुलक्षणा रिक्षात त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच त्यांच्या कानाकडं बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाचे कान, दुसरं काय. केसाळ आणि मोठे.

माइक-मिक्सरचा दुकानदार वस्तादांना ओळखत होता. "या, या! आज इकडं कुठं? अहो मॅडम, तुम्ही यांना घेऊन आलात म्हणजे मला आता खोटं बोलायची सोयच राहिली नाही." असं म्हणून त्यानं लगेच बोलायला सुरुवात केली.

पहिला मिक्सर त्यानं कौतुकानं काचेवर ठेवला. बारा माइकांची सोय, निळे दिवे, आणि एक बटण फिरवलं की आवाजाला घुमारा. "यात बोललात की गाभाऱ्यात बोलल्यासारखं वाटेल, मॅडम." दुसऱ्यात सहा माइक आणि शिवाय रंगीत चौकोनी बटणं. त्यानं एक दाबलं. दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसरं दाबलं. वीस-पंचवीस माणसं एकदम खदाखदा हसली.

वस्तादांनी मागं वळून बघितलं. "कोण हसलं?"

"मशीन हसलं, वस्ताद. आजकाल पॉडकास्टवाल्यांना हे लागतं."

"विनोद कुणी केला पण?"

दुकानदार ओशाळून हसला. वस्तादांचं बोट खालच्या फळीकडं गेलं. तिथं धूळ खात एक राखाडी डबा पडला होता. वीतभर लांब, दोन माइकांपुरता, वर चार-सहा गोल बटणं. "तो?" दुकानदारानं तोंड वाकडं केलं. "तो शाळाबिळांना जातो. त्यात काही नाही हो."

"काढा."

तिन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. मग वस्ताद म्हणाले, "पंखा बंद करा."

"उकडेल."

"उकडू दे. एसी पण. आणि बाहेरचं दार ओढून घ्या."

"वस्ताद, गिऱ्हाईक..."

"पाच मिनिटं."

त्यांनी सुलक्षणाचा माइक वायरीला जोडला. खांद्यावरचा टॉवेल काढला, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसा माइक त्यात तीनदा गुंडाळला आणि म्हणाले, "गल्ला उघडा."

दुकानदाराचा हात आपोआप छातीवर गेला. "गल्ला? माझा?"

"पैसे काढून घ्या हवं तर. मला नुसता खण पाहिजे."

त्या बिचाऱ्यानं नोटा काढून खिशात कोंबल्या. वस्तादांनी गुंडाळलेला माइक खणात निजवला आणि वायर दबणार नाही इतपत खण लोटून दिला. सुलक्षणाला स्टुलावर बसवलं, हेडफोन कानांवर चढवायला सांगितला आणि म्हणाले, "डोळे मीट. हौसाबाईंच्या आवाजाला जेवढं लागेल तेवढं चढवतो. तू फक्त ऐक."

"पण बोलणार कोण?" दुकानदारानं विचारलं.

"कुणी नाही."

आणि ते स्वतःची खुर्ची ओढून सुलक्षणाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले.

पहिलं यंत्र झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. दर वेळी वस्ताद बटण चढवत, थोडा वेळ बसत आणि उतरवत. मधे एकदा सुलक्षणानं पापण्यांच्या फटीतून बघितलं. वस्ताद एकटक तिच्या कपाळाकडं बघत होते. दुसरा हेडफोन काचेवर तसाच पडून होता. त्याला त्यांनी हातही लावला नव्हता.

तिच्या मनात आलं, अक्का म्हणत होत्या ते खरं. आता या माणसाला ऐकूच येत नाही. ते लपवण्यासाठी हा सगळा देखावा चाललाय. रविवारी हौसाबाई एकदाच बोलणार, आणि ते एकदा माझ्या हातून जाणार.

"हा," वस्ताद राखाडी डब्यावर हात ठेवून म्हणाले.

"वस्ताद, तुम्ही एकदा कानाला लावून तरी बघा ना."

"मला नको."

"मॅडम," दुकानदार मधेच म्हणाला, "वस्तादांचा शब्द मोठा, पण बारा माइकवाला तुमच्या पैशांत बसतोय. उद्या तुमचं काम वाढलं तर?"

वस्तादांनी सुलक्षणाकडं बघितलं. "तुला काय ऐकू आलं?"

"पहिल्यात ते ‘स्स्स’. त्या वेळेसारखंच. दुसऱ्यात जरा कमी, पण खाली एक घरघर होती."

"आणि यात?"

"यात काही नाही. मला वाटलं तुम्ही चालूच केलं नाही."

"मग अडलं कुठं?"

"अहो, पण यात काहीच नाही. घुमारा नाही, टाळ्या नाहीत..."

"हौसाबाईंनी मागितल्यात का टाळ्या?"

राखाडी डबा पिशवीत आला. घेतला खरा, पण मनापासून नव्हे, गुरूंचा शब्द मोडवेना म्हणून. रस्त्याच्या कोपऱ्यावर चहा प्यायला थांबले, तेव्हा मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "लोक म्हणतात तुम्हाला ऐकू येत नाही."

म्हटलं आणि जीभ चावली. वस्तादांनी चहावर शांतपणे फुंकर घातली.

"लोक म्हणजे अक्का?"

सुलक्षणा खाली बघू लागली.

"ऐकू येतं," वस्ताद म्हणाले. "सगळं येत नाही. बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, पैंजण गेलं, कुकरची शिट्टी गेली. तुमच्या त्या यंत्राची ‘स्स्स’ही गेली. थोडं मागांनी खाल्लं, थोडं भोंग्यांनी, उरलेलं वयानं. हेडफोन मी लावला असता तर मला तिन्ही यंत्रं सारखीच गप्प वाटली असती, आणि मी तुला अगदी ठासून चुकीचं सांगितलं असतं. बारा वर्षं मागावर होतो मी. तिथं शेजारच्यानं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथं माणूस तोंडाकडं बघून ऐकतो. पहिल्या यंत्राला तुझ्या भुवया जवळ आल्या. दुसऱ्याला तू ओठ दाबलेस. तिसऱ्याला तुझं कपाळ सैल पडलं. ऐकलंस तूच. तुझा तुझ्या कानांवर विश्वास नाही, म्हणून मी ते तुझ्या चेहऱ्यावरून वाचलं."

"आणि माइक गल्ल्यात?"

"बाहेरचं सगळं कोंडलं, की उरतं ते यंत्राचं स्वतःचं बोलणं. प्रत्येक यंत्र स्वतःचं थोडं बोलतंच. महागातलं कमी बोलतं, स्वस्तातलं जास्त. पण स्वस्तातही एखादं मितभाषी निघतं, ते शोधायचं. बटणं किती, दिवे किती, हे नंतर. हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज तू चढवणार, त्याबरोबर यंत्राचंही बोलणं चढणार. दुसरा बोलत असताना जे कमीत कमी स्वतःचं बोलतं, ते आपल्या कामाचं."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"आणि एक. ते पहिलं ध्वनिमुद्रण तू मला ऐकवलं होतंस. त्यात ‘अय्या’, ‘हो का’ आणि ‘बाई गं’ मिळून बावीस वेळा आहे. ते काही बारीक नव्हतं. मला स्वच्छ ऐकू आलं."

सुलक्षणाचे कान लाल झाले. चहाचे पैसे वस्तादांनीच दिले.

रविवारी मागांना सुट्टी होती. गाव इतकं शांत, की सवय नसल्यानं लोक उगाच दारात येऊन उभे राहत होते. हौसाबाईंच्या खोलीत बांधाबांध झालेली. दोन बोचकी, एक ट्रंक. ट्रंकेवर राखाडी डबा, पुढं माइक. हौसाबाई लहानपणापासून सुरू झाल्या, लग्नावर आल्या, आणि हळूहळू त्या दिवसापाशी आल्या.

"मी कोपऱ्यात कांड्या भरत होते. आमच्या मालकांचा हात मागाच्या पट्ट्यात गेला. मी बघितलं. मी हाक मारली. सगळा कारखाना चालू. पुन्हा मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही."

आणि त्या थांबल्या.

सुलक्षणाच्या ओठांवर ‘बाई गं’ आलं होतं. तिला आठवलं, गेल्या खेपेला नेमकं इथंच ती हे म्हणाली होती, आणि हौसाबाई "जाऊ दे" म्हणून दुसऱ्या विषयाकडं वळल्या होत्या. म्हणजे तेव्हाचं सगळंच काही त्या ‘स्स्स’नं बुडवलं नव्हतं. तिनं ओठ मिटून घेतले आणि हौसाबाईंच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. हेडफोनमध्ये काही नव्हतं. म्हाताऱ्या बाईचा श्वास, आणि हात हलला तेव्हा बांगड्यांची एक किणकिण. एवढंच, पण स्वच्छ.

किती वेळ गेला कोण जाणे. मग हौसाबाई बोलल्या, आणखी हळू.

"पलीकडच्या रांगेतल्या एका माणसानं माझ्या तोंडाकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. सगळे माग एकदम गप. मी अजून ओरडतच होते म्हणे. त्या शांततेत माझा मला असा आवाज ऐकू आला, की नको. हात गेला मालकांचा, पण माणूस राहिला. पुढं पंचवीस वर्षं राहिला. त्या दिवसापासून मी मोठ्यानं बोलले नाही, बघ. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी थांबलंच नाही ऐकायला."

"कोण होता तो माणूस?"

"नाव कुठं विचारायचं? दुसऱ्या दिवसापासून मी दवाखान्यात, आणि मग कारखानाच बदलला."

सोमवारी हौसाबाईंची गाडी सुटल्यावर सुलक्षणा थेट वस्तादांकडं गेली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही. सुलक्षणा त्यांच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि त्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. हौसाबाई थांबल्या तिथं त्यांचा हात उठला आणि तसाच राहिला. पुढचं ऐकून झाल्यावरही बराच वेळ त्यांनी हेडफोन काढला नाही.

"वस्ताद, तो माणूस..."

"कुणीही असेल," ते म्हणाले. "तिथं आम्ही सगळेच एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो."

सुलक्षणानं हळूच वायर गुंडाळायला घेतली.

वर घरी निघाली तर जिन्याच्या त्याच वळणावर सुशीलाक्का, हातात डबा. "सुलक्षणा, खरं सांग गं. वस्ताद बहिरे झालेत ना?"

"अर्धं खरं आहे अक्का. बारीक आवाज नाही ऐकू येत त्यांना. ती चिमणीची बेल नका वाजवू. दारावर थाप मारा." मग तिला राहवेना. "त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होता? ‘ढिम्म, आणि...’ त्याच्यापुढं?"

"कधी?" अक्कांनी आठवून बघितलं. "अगं हां. आणि एकटेच असतात बिचारे, जेवलेत की नाही कोण जाणे, जरा भाजी द्यावी म्हटलं, असं म्हणत होते. पण तुला बघितलं. म्हटलं, हिच्या गुरूंना बहिरं म्हटलेलं हिला लागेल. म्हणून गप्प बसले."

गेले चार दिवस जे वाक्य सुलक्षणाच्या कानात वाजत होतं, त्याचा पुढचा अर्धा भाग अक्कांचा नव्हताच. तो तिचा स्वतःचा होता.

अक्का डबा घेऊन वस्तादांच्या दाराशी गेल्या आणि दोन्ही हातांनी दणका दिला. आतून आवाज आला, "आलो, आलो! दार राहू दे जागेवर!"

दार उघडलं. सुलक्षणा जिन्यातून वाकून बघत होती. एरवी दार उघडायच्या आधीच बोलायला लागणाऱ्या अक्का आज गप्प उभ्या राहिल्या. वस्तादांनी त्यांच्या तोंडाकडं बघेपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "मेथी आणलीय. गरम आहे."